शाईची रेषा

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरावर अंबाजोगाई नावाचे प्राचीन गाव आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी याच परिसरात आहे आणि संतकवी दासोपंतांची समाधीही येथेच आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ हा होय. त्यांनी आयुष्यभर अखंड लेखन केले. त्यांच्या विपुल ग्रंथसंपदेत एक कृती मात्र सर्वांहून आगळी आहे. ती कागदावर नाही, कापडावर आहे. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाडेभरडे वस्त्र. अशा सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद खादीच्या पासोडीवर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा तत्त्वज्ञानाचा विषय ओव्यांत लिहिला आणि तो नीट उमगावा म्हणून त्याच कापडावर आकृत्याही काढल्या. या गोष्टीला आज चारशेहून अधिक वर्षे लोटली. लिहिणारा हात केव्हाच निमाला. पण त्या हाताने उमटविलेली शाई अजून वाचता येते.

विद्यार्थी मित्रांनो, शाई ही किती साधी वस्तू आहे! दौतीच्या तळाशी उरलेला तो काळा थेंब पाहिला, तर त्यातून एखादे अक्षर उमटेल एवढेच आपल्याला वाटते. परंतु त्याच थेंबातून दगडाचा खडबडीतपणा, पितळेची झळाळी, पावसाळी संध्याकाळची उदासी आणि जत्रेतील गडबडही उमटू शकते. त्यासाठी रंगांची पेटी लागत नाही. काळी शाई, पांढरा कागद आणि पाहणारा डोळा एवढी सामग्री पुरेशी होते. एकाच काळ्या रंगातून हे सारे कसे साधते, ते आज आपण समजून घेऊ.

प्रथम शाईचीच ओळख करून घेऊ. आपल्याकडे पूर्वी शाई घरोघरी तयार करीत. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर मातीचे किंवा धातूचे भांडे पालथे धरीत. त्यावर जमलेले मऊ काजळ खरवडून घेत आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ते पुष्कळ वेळ घोटीत. घोटणे जितके अधिक, तितकी शाई अधिक एकजीव. काजळ म्हणजे शुद्ध कर्ब. त्यावर उन्हाचा परिणाम होत नाही आणि काळाचाही फारसा होत नाही. डिंकाचे काम ते काजळ कागदाला चिकटवून ठेवण्याचे. जुन्या दफ्तरांतील मोडी लिपीचे कागद पिवळे पडले, त्यांच्या कडा झिजल्या, तरी त्यांवरील अक्षर काळेभोर राहिले ते यामुळेच. आपण झरणीत भरतो ती निळी शाई मात्र पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ती सतत उन्हात राहिली की फिकट होते. म्हणून चित्रासाठी कर्बाची काळी शाई वापरतात. बाजारात ती 'इंडियन इंक' या नावाने मिळते. ही शाई झरणीत मात्र कधी भरू नये. तिचे कण झरणीची नळी बुजवून टाकतात.

शाई कागदावर नेणारी साधने अनेक आहेत. बोरूच्या काडीला तिरपा छेद देऊन आणि तिच्या टोकाला मधोमध बारीक चीर पाडून लेखणी तयार करीत. पुढे धातूची निब बसविलेला टाक आला. आज चित्रासाठी बारीक आणि जाड टोकांची निरनिराळी पेने मिळतात. साधे बॉलपेनदेखील सरावाला चालते. प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा असतो. बोरूची रेघ रुंद आणि ठसठशीत येते. शाई संपत आली की ती कोरडी आणि खरखरीत होते. टाकाची निब दाबली की रेघ जाड होते आणि हात हलका केला की केसासारखी बारीक होते. आधुनिक पेनाची रेघ आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जाडीची राहते. बोरू जुना झाला म्हणून निरुपयोगी झाला असे मात्र समजू नका. जगप्रसिद्ध चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८८ साली फ्रान्समधील आर्ल या गावी राहून जी शेतांची आणि माळांची रेखाचित्रे काढली, ती तेथल्याच बोरूसारख्या वेताच्या लेखणीने. गव्हाच्या शेतासाठी त्याने उभे आखूड फटकारे योजले, मोकळ्या मैदानासाठी ठिपके योजले आणि झाडांसाठी गुंडाळलेल्या रेषा योजल्या. ज्या लेखणीने आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तशाच लेखणीने त्याने वारा आणि ऊन रेखाटले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शाई तर केवळ काळी. मग चित्रात करडी छटा कोठून येते? याचे उत्तर तुम्हांला स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येईल. वर्तमानपत्रात छापलेले एखादे काळेपांढरे छायाचित्र घ्या आणि ते भिंगाखाली धरा. दुरून जो भाग करडा दिसत होता, तेथे जवळून पाहता करडा रंग मुळीच नाही. तेथे आहेत फक्त काळे ठिपके आणि त्यांच्यामधला पांढरा कागद. ठिपके मोठे असले की भाग गडद दिसतो, बारीक असले की फिकट दिसतो. दूरवरून पाहणारा डोळा काळे आणि पांढरे वेगळे ओळखू शकत नाही; तो दोहोंचे मिश्रण करतो. शाईचा चित्रकार याच नियमावर आपले सारे काम उभारतो. तो करडा रंग कागदावर लावीत नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत निर्माण करतो.

ही करडी छटा निर्माण करण्याचे काही मार्ग आहेत. पहिला मार्ग समांतर रेषांचा. एकाच दिशेने, सारख्या अंतरावर रेषा ओढल्या की फिकट छाया पडते आणि अंतर कमी केले की ती गडद होते. दुसरा मार्ग छेद देणाऱ्या रेषांचा. पहिल्या रेषांवरून तिरप्या दिशेने दुसऱ्या रेषा ओढल्या की बारीक जाळी तयार होते. तिच्यावर तिसऱ्या दिशेचा थर दिला की छाया आणखी दाट होते. तिसरा मार्ग ठिपक्यांचा. त्याला वेळ फार लागतो, पण छाया अतिशय मऊ येते. चौथा मार्ग आखूड फटकाऱ्यांचा, आणि पाचवा म्हणजे तो भाग सरळ काळाभोर भरून टाकण्याचा. याखेरीज शाईत पाणी मिसळून कुंचल्याने पातळ हात देण्याचीही रीत आहे. पाणी जितके अधिक, तितकी छटा फिकट.

हे मार्ग केवळ वाचून येत नाहीत. वहीच्या पानावर एका ओळीत पाच लहान चौकोन आखा. पहिला कोरा ठेवा आणि पाचवा पूर्ण काळा करा. मधले तीन चौकोन समांतर रेषांनी असे भरा की, कोऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्या सारख्या चढत जाव्यात. मग तोच सराव जाळीने करा, मग ठिपक्यांनी करा. शेवटी वही भिंतीला टेकवून चार पावले मागे या. एखादी पायरी चुकली असेल तर ती लगेच नजरेत भरेल. गायकाला सूर लावून पाहावे लागतात, तसाच हा चित्रकाराचा रियाज आहे.

छटा साधली की पुढची गोष्ट पोताची. वस्तूला हात लावल्यावर ती कशी लागेल, हे चित्रात नुसत्या डोळ्यांना कळले पाहिजे. यालाच वस्तूचा पोत म्हणतात. बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चौकोनी कुंडाच्या मधोमध हे काळ्या पाषाणाचे मध्ययुगीन मंदिर उभे आहे. त्याच्या बाह्य भिंती सरळ नाहीत. त्यांना तारकेसारखे कोन आहेत आणि त्यांवर कोरीव मूर्ती आहेत. या मंदिराचे चित्र काढताना प्रत्येक दगड सारख्याच काळजीने रंगवीत बसले, तर मंदिर दगडाचे न वाटता जाळीदार कापडाचे वाटू लागेल. मग काय करावे? प्रथम ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहावे. ज्या भिंतीवर ऊन पडले आहे, तेथे दगडांच्या सांध्यांच्या तुटक रेषा आणि चार-दोन ठिपके एवढेच पुरतात. जी बाजू सावलीत आहे, तेथे जाळी दाट करावी. आणि जेथे ऊन आणि सावली एकमेकांना भेटतात, तेथे दगडाचा खडबडीतपणा मन लावून रेखाटावा. कारण तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्याची लहानशी सावली पडते आणि तेथेच दगडाची जात उघड होते. हा नियम ध्यानात ठेवा : पोत भर उन्हात फार दिसत नाही, गडद सावलीतही दिसत नाही; तो दिसतो दोहोंच्या सीमेवर.

रेषेची दिशा हीसुद्धा पोताची खूण आहे. बाभळीच्या सालीवर उभ्या, खोल भेगा असतात. म्हणून तिच्यासाठी रेषा वरून खाली, थरथरत आणि मध्येच तुटत गेल्या पाहिजेत. पिंपळाचे खोड त्या मानाने नितळ. त्याला थोड्या, लांब रेषा शोभतात. घोंगडीचा पोत राठ. तिच्यावर आखूड, उभेआडवे फटकारे द्यावेत आणि तिची कड थोडी केसाळ ठेवावी. बैलाच्या अंगावरील केस त्याच्या शरीराच्या वळणाप्रमाणे वळतात; म्हणून पाठीवर रेषा एका दिशेने, पोटावर दुसऱ्या दिशेने आणि वशिंडावर गोलाकार गेल्या की बैल कागदावरून उठून उभा राहतो. ज्वारीच्या कडब्याची गंजी काढताना प्रत्येक ताट काढण्याचा हव्यास धरू नये. गंजीच्या कडेला काही पाती स्पष्ट दाखवावीत, सावलीत थोडी दाटी करावी. उरलेली गंजी पाहणाऱ्याचे मन आपोआप पूर्ण करते. जे सगळेच सांगतो, त्याचे कोणी फार वेळ ऐकत नाही. हे जसे बोलण्यात खरे, तसेच चित्रातही खरे.

पोतानंतर येते ती चमक. येथे एक गमतीची अडचण आहे. शाई काळी आहे आणि चमक तर पांढरी. मग चमक काढायची कशाने? चमक काढता येत नाही. ती राखावी लागते. कागदाचा जो पांढरा तुकडा आपण शाईपासून वाचवितो, तोच चित्रात चमकतो. म्हणून चमकदार वस्तू रेखाटणाऱ्याने आरंभीच ठरवावे लागते की, कोणत्या जागेला आपण हात लावणार नाही.

पाणी भरून ठेवलेला मातीचा माठ आणि त्याशेजारी घासूनपुसून ठेवलेली पितळेची घागर यांच्याकडे नीट पाहा. दोन्हींचा आकार गोल, दोन्हींवर खिडकीतून येणारा उजेडही एकच. तरी दोन्ही वेगळ्या दिसतात. असे का व्हावे? माठाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड सर्व दिशांना विखुरतो. त्यामुळे माठाची उजळ बाजू हळूहळू मंद होत सावलीत मिसळून जाते. घागरीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो आरशाप्रमाणे उजेड एका ठराविक दिशेने परत पाठवितो. म्हणून घागरीवर खिडकीचे लहानसे प्रतिबिंब पडते. ते अगदी पांढरे असते, त्याची कड तीक्ष्ण असते आणि त्याला लागूनच काळा पट्टा असतो. चित्रातील सूत्र यातूनच मिळते. माठ काढताना पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीने जावे आणि रेषा माठाच्या पोटाभोवती वळवाव्यात. घागर काढताना मधल्या पायऱ्या गाळाव्यात आणि सर्वांत गडद काळे सर्वांत शुभ्र पांढऱ्याच्या शेजारी बसवावे. काळ्याच्या शेजारामुळे तोच कागद अधिक शुभ्र भासतो. घागरीच्या सावलीतील कडेला उजेडाची एक बारीक रेघ दिसते, तीही विसरू नये. जमिनीवरून किंवा भिंतीवरून परतलेला तो उजेड आहे आणि त्यामुळेच घागर गोल वाटते.

पाण्याची चमक हाही चमकेचाच एक प्रकार. कंकालेश्वराच्या कुंडात पाणी असते तेव्हा मंदिराचे प्रतिबिंब त्यात उलटे दिसते. पाणी स्थिर असेल तर प्रतिबिंबाच्या रेषा उभ्या आणि सलग ठेवाव्यात. वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंब आडव्या पट्ट्यांनी तुटते. तेव्हा काळ्या रेघांच्या मध्ये कागदाच्या लहान आडव्या फटी कोऱ्या सोडाव्यात. त्या कोऱ्या फटी म्हणजेच पाणी. पाऊस पडून गेल्यावर तोच काळा पाषाण पाहा. कोरड्या दगडापेक्षा ओला दगड अधिक काळा दिसतो आणि त्याच्या कडांवर मात्र उजेडाच्या बारीक रेघा चमकतात. दगड तोच, आकार तोच. पण चार रेघा बदलल्या की पाहणाऱ्याला पाऊस येऊन गेल्याचे कळते.

या सर्वांहून अवघड आणि सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे चित्रातील भाव. एकाच घराची चार चित्रे काढली, तर ती चार निरनिराळ्या मनःस्थिती सांगू शकतात. आडव्या रेषा शांतता सुचवितात. झोपलेला माणूस, पसरलेला माळ, स्थिर पाणी हे सारे आडवेच असते. उभ्या रेषांत स्थैर्य आणि गांभीर्य असते. तिरप्या रेषांत चलबिचल असते. वाऱ्याने वाकलेली झाडे आणि कोसळणारा पाऊस तिरप्या रेषांनी उमटतो. वेगाने ओढलेली रेघ वेगळी दिसते आणि सावकाश ओढलेली वेगळी दिसते, कारण हाताची गती कागदावर राहून जाते. कोऱ्या जागेलाही अर्थ असतो. चैत्रातील भर दुपार दाखवायची असेल तर चित्राचा बहुतेक भाग कोरा सोडावा आणि झाडाखाली, उंबऱ्याखाली आखूड पण अगदी काळ्या सावल्या द्याव्यात. त्या कोऱ्या कागदाकडे पाहताच डोळे दिपल्यासारखे होतात. उलट, बीडजवळच्या खजाना विहिरीसारखी सोळाव्या शतकातील जुनी विहीर काढताना कागदाचा बहुतेक भाग काळा होईल. तिच्या आतील कमानींच्या ओवरीत वरून जो उजेड झिरपतो, तेवढाच पांढरा राहील. आणि त्या थोड्या उजेडामुळेच विहिरीची खोली आणि गारवा जाणवेल.

जपानमध्ये सेश्शू नावाचा एक भिक्षू चित्रकार होऊन गेला. त्याने १४९५ साली काढलेले एक निसर्गचित्र फार प्रसिद्ध आहे. त्यात ओल्या शाईचे काही मोजके फटकारे आहेत आणि बाकी सारा कागद मोकळा आहे. तरीही त्या फटकाऱ्यांतून डोंगर, झाडे आणि पाण्यावरचे धुके पाहणाऱ्याला स्पष्ट जाणवते. याच्या अगदी उलट रीत आपल्या गोव्याच्या मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची. त्यांच्या चित्रांत बाजार, रस्ते, चर्चची प्रांगणे आणि लग्नाच्या मेजवान्या माणसांनी गच्च भरलेल्या असतात. रेघांची एवढी दाटी, तरी कोठे गोंधळ नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचा चेहरा आहे. एका चित्रकाराने शाई कमी वापरून निवांतपणा निर्माण केला, दुसऱ्याने ती भरपूर वापरून आनंदाचा कोलाहल निर्माण केला. यांपैकी कोणतीही रीत दुसरीहून श्रेष्ठ नाही. आपणांस काय सांगायचे आहे, त्यावर रीत ठरते.

महाराष्ट्रात शाईच्या चित्राची परंपरा वाढली ती छापखान्याच्या आश्रयाने. त्या काळच्या छपाईत ठसा एक तर काळा उमटे किंवा उमटत नसे. अधलीमधली छटा साध्या ठशाने छापता येत नसे. म्हणून पुस्तके आणि मासिके यांसाठी चित्रकारांना रेघांतूनच सर्व छटा साधाव्या लागत. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईच्या जीवनावरील एका इंग्रजी पुस्तकासाठी चित्रे काढली. त्या वेळची मुंबई आज राहिलेली नाही. माणसांचे पोशाख बदलले, गल्ल्या बदलल्या, धंदे बदलले. परंतु धुरंधरांनी डोळसपणे टिपलेली माणसे त्या पानांवर अजून तशीच भेटतात. रेखाचित्र ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती एक साक्ष असते.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातील अनेक गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास एक दृश्य दरवर्षी दिसते. ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, अंथरुणे, कोयते आणि लहान मुले एकाच वाहनावर चढतात. मागे राहतात म्हातारी माणसे, काही शाळकरी मुले आणि कुलपे लावलेली घरे. साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, त्या गल्ल्या तशाच असतात. एकदा वर्गात 'आमचे घर' हा विषय चित्रासाठी दिला होता. बहुतेक मुलांनी डोंगर, सूर्य, नारळाचे झाड आणि लाल कौलांचे घर काढले. बीडच्या माळावर नारळ कोठून येणार? पण पुस्तकातील चित्रे पाहून तसे काढण्याची सवय हाताला जडलेली असते. एका मुलाने मात्र पेनाने नुसते एक दार काढले होते. दाराच्या फळ्या उभ्या, दाट रेघांच्या, कडीला कुलूप, उंबऱ्यापुढील अंगण पूर्ण कोरे, आणि ओट्याच्या कोपऱ्यात, गुडघ्यांभोवती हात घालून बसलेली आजी, अगदी लहान. त्या कुलपावर त्याने उजेडाचा एक ठिपका राखला होता. त्याला विचारले, "हा ठिपका कशासाठी रे?" तो म्हणाला, "गुरुजी, नवं कुलूप आहे. जाताना बाबांनी आणलं."

त्या चित्रात कोणाच्या डोळ्यांत आसवे नव्हती. आजीचा चेहराही धड दिसत नव्हता. तरी पाहणाऱ्यास सारे कळत होते. दाराच्या दाट रेघा, अंगणाचा कोरा कागद आणि कुलपाची ती एवढीशी चमक; पोत, भाव आणि चमक या तिन्ही गोष्टी तेथे आपापल्या जागी होत्या. त्या मुलाने त्यांची नावे कधी ऐकली नव्हती. त्याने आपले दार खरोखर पाहिले होते, एवढेच. चित्रकलेच्या शासकीय परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे विषय असतात. वस्तू समोर ठेवून पाहावी आणि पाहिलेले मनात साठवावे, ही दोन्ही शिक्षणे एकमेकांना पूरक आहेत. जे नीट पाहिले नाही ते स्मरणात राहत नाही. आणि जे स्मरणात नाही ते हाताला काढता येत नाही.

शाईच्या चित्राची आणखी एक शिकवण आहे. पेन्सिलीची रेघ खोडता येते; शाईची येत नाही. म्हणून कित्येक मुले शाईला भितात. भिण्याचे कारण नाही. आधी पेन्सिलीने हलकी रूपरेषा आखावी, उजेडाची दिशा ठरवावी, कोऱ्या ठेवायच्या जागांवर बारीक खूण करावी; मग शाई घ्यावी. फिकट भागापासून आरंभ करावा आणि गडद भाग शेवटी करावेत, कारण काळे वाढविता येते, कमी करता येत नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून उजवीकडे यावे, डाव्या हाताने काढणाऱ्याने उजवीकडून डावीकडे जावे, म्हणजे ओली शाई हाताने फासत नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवावा. शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिलीच्या खुणा पुसाव्यात. आणि इतकेही करून एखादी रेघ भलतीकडे गेलीच, तर कागद फाडू नये. त्या रेघेला सामावून घेणारी दुसरी रेघ शोधावी. भलतीकडे गेलेली रेघ कधी वेलीची फांदी होते, कधी भिंतीची चीर होते. पुसून टाकण्याची सोय नसली की माणूस आधी विचार करू लागतो आणि झालेल्या गोष्टीतून मार्ग काढण्यासही शिकतो.

तेव्हा आजपासून एक लहान वही या कामासाठी वेगळी ठेवा. दररोज एकच वस्तू काढा. आज चुलीजवळचा तवा, उद्या आजोबांच्या वहाणा, परवा शाळेच्या अंगणातील कडुनिंबाचे खोड. वस्तू काढण्यापूर्वी तिला हात लावून पाहा. ती राठ आहे की मऊ, हे बोटांना आधी कळू द्या. मग उजेड कोठून येतो ते पाहा. मग ती वस्तू पाहून मनात काय येते, त्याचा क्षणभर विचार करा. प्रत्येक चित्राखाली गावाचे नाव आणि दिनांक घालण्यास चुकू नका. वर्ष संपेल तेव्हा त्या वहीत तुमच्या घराची, गल्लीची आणि गावाची अशी एक नोंद तयार झालेली असेल की, ती दुसऱ्या कोणाजवळही नसेल. गावातील जुना वाडा पुढे पडेल, वडाचे झाड रस्त्यासाठी तोडले जाईल, ओट्यावर बसणारी आजी एके दिवशी तेथे नसेल. आज ते सारे तुमच्यासमोर आहे. दौत उघडा आणि काढावयास बसा.